रुईची आई

परभणी
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६१
(सरकारी हिशेबानं फसली १३४९)

माय,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहितात. तो लिहिला आहे असं समज. समोर येऊन पाया पडले तर तू पाय मागे घेशील, कागदावर तरी घेऊ नकोस.

हे पत्र बन्सीधरदादा तुला वाचून दाखवील. दादा, मोठ्यानं वाच आणि काही गाळू नकोस. तू गाळायला लागलास की तुझा आवाज बारीक होतो आणि मायला लगेच कळतं. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बसतीलच, बसू देत. त्यांनाही नीट कळेल असंच लिहिते, म्हणजे अर्धवट ऐकून पाथरीभर वाटेल ते सांगत फिरायला नकोत.

तर बायांनो, झालं ते असं. मी मनकर्णा, पार्वतीबाईची लेक. माझा नवरा मानवतच्या अडतीवर दिवाणजी होता. मला अक्षर त्यांनीच शिकवलं आणि मग ते तापानं गेले. मी परभणीला येऊन जिनात कापूस निवडायला लागले. त्याच जिनातल्या चंद्रभान फिटरशी माझं जुळलं. तो बिनलग्नाचा आणि मी विधवा. आपल्यात विधवेचं दुसरं लग्न पाट लावून करतात, त्याला कुणाची ना नसते. पण बिनलग्नाच्या माणसाला विधवा बायको करायची तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, आणि मग रुई तोडायची. म्हणजे त्याचीही पहिली बायको मेली आणि दोघं सारखी झाली.

चंद्रभानच्या आईनं, धुरपताबाईनं, सगळं रीतीनं केलं. शेताच्या बांधावरच्या रुईला हळद लागली, खण गुंडाळला, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. सगळं भर दुपारी, वाजंत्री लावून. फक्त रुईची आई व्हायला गावातली एकही सवाष्ण तयार होईना, कारण त्या लेकीला त्याच दिवशी तोडायचं असतं. मग तुला बोलावलं. तू विधवा, त्यात तुझंही लग्न पाटाचं. एरवी तुला कुणी हळदीला बोलवत नाही. तू पेटीतलं लुगडं काढून नेसलीस आणि गेलीस. रुईचं पान चंद्रभानच्या हातावर ठेवून तू वरून पाणी सोडलंस. मी लांब लिंबाखाली बसून बघत होते. मला तिथं बोलावलेलं नव्हतं, माझी पाळी रात्री होती.

पाट अंधारातच लावतात. दिवा दुसऱ्या घरात ठेवतात, आणि उजाडेपर्यंत त्या दोघांचं तोंड कुणी बघायचं नाही, बघणाऱ्याचं वाईट होतं. दिवस कलला तेव्हा मी धुरपताबाईला म्हणाले, "मी अंधारात लगीन करनार न्हाई. झाडाचं दुपारी झालं, मपलंबी दुपारी होऊ द्या." तू पुढे आलीस. म्हणालीस, "मपलं अंधारातच झालं, तुज्या बापासंगं. मंग तू काय अंधारातली हाईस?"

मी म्हणाले, "हाय. म्हनून तर."

हे मला बोलायला नको होतं का, याचा मी विचार करून बघितला. नको होतं असं वाटत नाही आणि हवं होतं असंही वाटत नाही. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाहीस. चंद्रभान कोयता घेऊन बांधावर निघाला होता, त्याला मीच थांबवलं. पाटच लागायचा नाही, तर त्या रुईला कशाला तोडायची? ती अजून तिथंच उभी आहे.

आता पुढचं. चंद्रभाननं वऱ्हाडात अकोल्याला जिनात काम धरलं आहे. तो मुलूख इंग्रजाचा. तिथं कचेरीत कायद्याचं लग्न लागतं. कचेरी दिवसाच उघडी असते, म्हणून मला ते पसंत पडलं. आधी दोघांपैकी एकानं तिथं काही दिवस राहायचं, मग अर्ज द्यायचा. अर्ज फळ्यावर लावतात. पंधरवडाभर कुणी हरकत घेतली नाही, तर साहेबापुढे उभं राहायचं. ब्राह्मण नको, मुहूर्त नको. मी त्याला विचारलं, पौष लागतो, चालेल का? तो म्हणाला, कचेरीत पौषाचं कुणी विचारत नाही.

तुला राग यावा म्हणून हे लिहिलेलं नाही. आनंद व्हावा म्हणूनही नाही. तुला माहीत असावं एवढंच.

मनकर्णा


परभणी
मार्गशीर्ष वद्य तृतीया

माय,

तुझं उत्तर आलं नाही. दादानं निरोप धाडला की पत्र वाचलं आणि माय चुलीपाशी जाऊन बसली. चुलीत टाकलं नाहीस, एवढं पुष्कळ झालं.

अकोल्याला अर्ज लागला. त्यात काय काय लागतं ते लिहिते, कारण ओट्यावरच्या कुणाच्या लेकीला उद्या उपयोगी पडेल. नाव, गाव आणि वय. वयाची अडचण झाली. मी मानमोडीच्या साथीनंतरच्या सुगीत झाले असं तू सांगतेस. ते फसलीत कोणतं साल आणि इंग्रजीत कोणतं, हे काढता काढता जिनातल्या मुनीमजींनी दोनदा तंबाखू मळली. एकवीसच्या आतली असेल तर बापाची संमती लागते. पण विधवेला लागत नाही, असं कायद्यातच आहे. नवरा मेल्याचा हा एक फायदा मला आजवर कुणी सांगितला नव्हता. आईची संमती कुणालाच विचारत नाहीत. कायद्यात आई नाहीच.

चंद्रभाननं कळवलं आहे की कारकुनानं त्याला खूप विचारलं आणि त्यानं सगळं खरं सांगितलं. धर्म कोणता, नातं लागतं का, आधीचं लग्न झालं आहे का. "काय बी लपवलं न्हाई" असं लिहिलं आहे. तो तसाच आहे. जिनात पट्टा तुटला की इतर जण पट्ट्याला दोष देतात, हा सरळ सांगतो की वंगण घालायचं मी विसरलो. म्हणून तर मी त्याच्याकडे बघायला लागले.

आणखी एक तयारी आहे आणि ती मला जड जाते. साहेबापुढे दोघांनी मोठ्यानं बोलायचं, 'मी अमकी, तुला अमक्याला माझा कायदेशीर नवरा करून घेते.' अमक्याच्या जागी नाव घ्यायचं. नवऱ्याचं नाव, उखाणा न घालता, परक्या माणसांसमोर. पहिल्यांचं नाव मी कधीच घेतलं नाही. ते तापात होते तेव्हा म्हणाले, एकदा हाक मार गं नावानं. मी मारली नाही. आता रोज भिंतीकडे तोंड करून 'चंद्रभान' म्हणते. पहिल्या दिवशी 'चंद्र'पर्यंतच म्हणवलं. आता काही होत नाही. जिनात कापूस निवडताना बोटांवर इतके बारीक तंतू चिकटतात की कशाला हात लावला ते कळत नाही, तसं मला सध्या सगळ्याचंच झालं आहे.

तीन साक्षीदार लागतात. चंद्रभानच्या जिनातले उस्ताद एक. मी जिथं उतरणार आहे त्या सुमनबाई दुसऱ्या. तिसरा अजून ठरलेला नाही, कुणीतरी मिळेल.

दादा, 'कुणीतरी मिळेल' हे तू वाचलंस ना?

मनकर्णा


अकोला
पौष शुद्ध दशमी

माय,

लग्न झालं नाही.

सुमनबाईनं मला हिरव्या बांगड्या भरल्या, त्या तशाच हातात आहेत. चंद्रभान नवा सदरा घालून आला होता. तिसरा साक्षीदार म्हणून कचेरीबाहेरच्या पानवाल्याला तयार केलं होतं. आम्ही सगळे साहेबापुढे उभे राहिलो. साहेब दक्षिणेकडचे आहेत, मराठी सावकाश वाचतात. कागद वाचता वाचता थांबले. कारकुनाला म्हणाले, हे काय? कारकुनानं वाचून दाखवलं. 'वराची पहिली पत्नी रुईबाई. हयात. राहणार बांधावर.'

कळलं का काय झालं ते? कारकुनानं अर्जाच्या वेळी विचारलं होतं, आधी लग्न झालंय? चंद्रभान म्हणाला, झालंय. बायकोचं नाव? रुई. जिवंत आहे? हाय. कुठे असते? बांधावर असती. कारकून घाईत होता, त्याला वाटलं बांध म्हणून एखादी वस्ती असेल. त्यानं लिहून घेतलं.

मी त्याला विचारलं, "तुमी असं का सांगितलं?"

"इचारलं म्हनून सांगितलं," तो म्हणाला. "खोटं कसं सांगावं? अक्षता पडल्यात माज्यावर."

त्याला खोटं बोलता येत नाही हे मला आवडलं होतं. त्या दिवशी आवडलं नाही.

कारकुनाला उलगडा झाला तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून हसला. उस्ताद हसले, पानवालाही हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, कागदावर बायको जिवंत आहे आणि जिवंत बायको असताना मी दुसरं लग्न लावू शकत नाही. झाड आहे असं तुम्ही म्हणता. तुम्ही तर म्हणणारच. त्या लग्नात मुलीच्या बाजूनं कोण होतं?

चंद्रभान म्हणाला, "तिची आई हाय."

साहेब म्हणाले, तिला आणा. तिनं शपथेवर सांगितलं की ही बाई नसून झाड आहे, तर बघू.

सुमनबाई घरी येताना म्हणाल्या, "कशाला इतकं? आज माझ्या परसात पाट लावून टाकू, कोण बघायला येतंय?" चांगल्या मनानं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मग त्यांनी मला जेवायला वाढलं आणि मी जेवले. भाजी कसली होती ते आठवत नाही.

आता ऐक. चंद्रभानच्या मालकानं त्याला सांगितलं आहे की हंगाम संपला की काम संपलं. मग त्याला परत निजामाच्या मुलखात यावं लागेल. तिथं धुरपताबाई आहे, अंधार आहे आणि पाट आहे. तो माझ्यासाठी थांबेल, पण किती? मला विचारशील तर परत येऊन पाट लावण्यापेक्षा मी आहे तशी राहीन. हे मी रागानं लिहीत नाही, मला तो राग आता सापडतही नाही. फक्त तसं होईल एवढं मला माहीत आहे.

म्हणून लिहिते. मानवत रोडला गाडीत बसायचं, पूर्ण्याला गाडी बदलायची आणि हिंगोलीला उतरायचं. तिथून वाशीमची मोटार मिळते. कनेरगावच्या नाक्यावर गाठोडी उघडून बघतात, घाबरू नकोस. वाशीमहून अकोला. दादा, तू बरोबर ये, मायला खिडकीशी बसव, तिला मोटार लागते.

तू माझ्यासाठी यावंस असं मी म्हणत नाही. साहेबाला रुईची आई पाहिजे आहे. माझी आई कुणी मागितलेली नाही, म्हणून मीही मागत नाही. रुईच्या लग्नाला तू गेली होतीस, तर आता तिच्यापुरतं इतकं कर.

मनकर्णा


अकोला
पौष वद्य चतुर्थी

माय,

तू इतक्या लवकर निघालीस की बोलणं झालंच नाही. दादाच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, ते खरंच होतं. तरी मोटार सुटल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते. म्हणून हे पत्र. दादा, आज ओट्यावर वाचू नकोस, घरात नेऊन वाच.

तू येणार हे कळवलं नव्हतंस. साहेबांना पुन्हा विनवायला आम्ही सगळे गेलो, तर तू कचेरीच्या पायरीवर बसली होतीस, मांडीवर गाठोडं, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी तुझ्या अंगावरून आत गेले आणि मला वाटलं, कुणी म्हातारी सावलीला बसली आहे. स्वतःच्या आईला ओळखलं नाही. दादा पान खात उभा होता, त्याच्यावरून ओळखलं.

आत कारकुनानं तुला शपथ घातली आणि विचारलं, "रुई कोण?"

तू म्हणालीस, "माजी लेक."

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकून घाईनं म्हणाला, "अहो बाई, झाड की बाई ते सांगा."

"झाडच हाय, साहेब. पर म्या पानी सोडलंय तिच्यावर. मंग लेकच की."

"जिवंत आहे?"

तू गाठोडं सोडलंस. आत ओल्या फडक्यात रुईची फांदी होती. प्रवासात पानं मऊ पडली होती आणि जांभळी फुलं पानांना चिकटली होती. ती टेबलावर ठेवलीस. तुझ्या हातावर चीक वाळून काळा झाला होता. म्हणालीस, "मेली. बुडापासून मीच तोडली. नाक्यावर शिपायानंबी बगितली. लिवा, मेली म्हनून."

कारकुनानं 'हयात' खोडलं आणि 'मयत' लिहिलं. ह्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ती तशीच धरून उभे राहिले.

मग मला रडू आलं. मानवतला तिरडी उठली तेव्हा माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. बायका म्हणाल्या होत्या, हिचा दगड झाला. त्यानंतरही कधी आलं नाही. त्या फांदीकडे बघून आलं, आणि थांबेना. तिच्यासाठी रडले, मानवतच्यांसाठी रडले, त्यांना नावानं हाक मारली नाही म्हणून रडले. कचेरीतल्या सगळ्यांना वाटलं की नवरी माहेर सुटतं म्हणून रडते आहे. साहेबांनी पाणी मागवलं. तू मला धरलं नाहीस, नुसती शेजारी येऊन उभी राहिलीस. तुझ्या लुगड्याला रुईचा वास येत होता.

नाव मी मोठ्यानं घेतलं. तू ऐकलंस. तू 'च्च' केलंस तेही मी ऐकलं. ते नाव पुन्हा घेणार नाही आणि लिहिणारही नाही. ह्या पत्रात बघ, लिहिलेलं नाही.

उस्तादांनी सही केली, सुमनबाईंनी केली. तिसरी जागा तुझी होती. पानवाला आला होता, पण साहेब म्हणाले, ही बाई इतक्या लांबून आली आहे, हिचाच घ्या. चिकामुळे तुझ्या अंगठ्याला शाई धरेना. कारकुनानं दोनदा पुसून घेतला, तरी अर्धाच उमटला. चालतो म्हणाले. तो अर्धा अंगठा माझ्या नावाखाली आहे.

बाहेर आलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. तू मला आणि ह्यांना उन्हात उभं केलंस. मला म्हणालीस, "तोंड वर कर. बगू दी."

मी वर केलं. तू बघत राहिलीस. रस्त्यानं टांगे जात होते, लोक बघत होते. मला वाटलं तू काही बोलशील, आशीर्वाद देशील. तू म्हणालीस, "मपलं कुनी बगितलंच न्हाई. अंधारातच घरात नेलं. सकाळी भाकरी थापायलते, तवा तुज्या बापानं बगितलं, ते बी धुराड्यात."

मग तू पदर मागे सारलास, पार डोक्यावरून खांद्यावर. भर रस्त्यात. दादा म्हणाला, माय, अगं लोक हायेत. तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. मला म्हणालीस, "आता मपलं बग."

मी बघितलं. तुझ्या डाव्या भुवईत तीळ आहे. मला माहीत नव्हता, माय. इतकी वर्षं तुझ्या हातचं खाल्लं आणि मला माहीत नव्हता.

मी त्या दिवशी जे बोलले, 'म्हणून तर', ते मागे घेत नाही. पण ते तुझ्यावर नव्हतं. त्या अंधारावर होतं. हे तुला उन्हात उभी असताना कळलं असेल, तरी लिहून ठेवते.

ती फांदी साहेबांनी परत दिली. ह्यांनी ती परसात पुरली. सुमनबाई हसतात, मी हसत नाही.

आणखी एक काम सांगायचं आहे. तू बुडापासून तोडलीस म्हणालीस, पण मुळं तशीच असतील. रुई चिवट असते, पावसाळ्यात पुन्हा फुटते. कधी बांधाकडे गेलीस तर तांब्याभर पाणी घाल. फुटली तर मला दादाकडून कळव. फक्त अकोल्यात कुणाला कळू देऊ नकोस, नाहीतर ह्यांना कुणी पुन्हा विचारलं की हे खरं सांगून मोकळे होतील.

तुझी थोरली,
मनकर्णा